रंग गुलाबी, माप कुणाचे?

वसई-विरार पट्ट्यातल्या कुठल्याही सायकलच्या दुकानासमोर जरा वेळ उभे राहा. दुकान वसई स्टेशनजवळचे असो, नालासोपाऱ्याच्या बाजारातले असो की विरारचे. मांडणी बहुतेक सारखीच. एका बाजूला काळ्या, निळ्या, लाल सायकली. त्यांच्या अंगावर वीज, ज्वाळा, वाघाचा पंजा असे काहीतरी रंगवलेले. दुसऱ्या बाजूला गुलाबी आणि जांभळ्या सायकली. हँडलच्या टोकांना झिरमिळ्या, पुढे पांढरी बास्केट, चेनकव्हरवर फुले, फुलपाखरे, नाहीतर एखादी राजकन्या. गिऱ्हाईक दारात आले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘मुलगा की मुलगी?’ उत्तर मिळाले की दुकानदाराचा हात आपोआप एका रांगेकडे वळतो.

मुलीची उंची किती, पाय जमिनीला टेकतात का, ती रोज किती लांब जाणार, रस्ता कसा आहे, हे प्रश्न नंतर येतात. पुष्कळदा येतच नाहीत. आईवडीलही खूश असतात, मुलगी तर हरखून गेलेली असते. मग तक्रार कसली? गुलाबी रंग काही वाईट नाही. ज्या मुलीला तो आवडतो तिने तो मिरवावा. प्रश्न एवढाच, की ‘खास मुलींसाठी’ या दोन शब्दांचे जे पैसे आपण मोजतो, त्यांत रंगापलीकडे आपल्या पदरात काय पडते?

साचा महाग, स्टिकर स्वस्त

लहान मापांच्या सायकलींत मुलाची आणि मुलीची असा फरक शोधायला गेलो तर तो पुष्कळदा वरवरचाच निघतो. चाके तीच, ब्रेक तेच, सीट तेच, कधी कधी सांगाडाही तोच. मोठ्या मापात मधला दांडा खाली येतो, एवढेच. बाकी सगळा कारभार रंगाचा आणि स्टिकरचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

यामागचे गणित सरळ आहे. वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. तो सांगेल, की नवे माप काढायचे म्हणजे नवे साचे, नवी जुळणी आणि गोदामात आणखी एका मापाचा साठा. रंग बदलायला मात्र वेगळा डबा उघडला की झाले. तेव्हा बायकांसाठी काहीतरी केले असे दाखवायचे असेल, तर कारखानदाराला सगळ्यात स्वस्त वाट रंगाची. इंग्रजीत या प्रकाराला एक बोचरे नाव पडले आहे. त्याचा अर्थ असा, की वस्तू थोडी लहान करा, गुलाबी करा आणि विका.

भारतीय बाईची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. आपल्याकडची जुनी काळी सायकल २२ किंवा २४ इंची सांगाड्याची आणि २८ इंची चाकांची. ती बनवताना पाच फुटी बाई कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. म्हणून तर मुलीच काय, मुलगेही वडिलांच्या सायकलवर दांड्याखालून पाय घालून, कमरेत वाकडे होऊन शिकले. तासाच्या भाड्याने छोटी सायकल मिळाली तर दिवाळी! त्या काळात ‘लेडीज’ सायकल ही खरोखरच सोय होती, आणि ती सोय रंगाची नव्हती.

सजावट होती पुरुषांची

गंमत अशी, की सजवलेली सायकल आपल्याकडे बायकी कधीच नव्हती. जरा आठवून पाहा. हँडलला रंगीत गोंडे, चाकाच्या तारांत प्लास्टिकचे मणी, हबभोवती फिरणारा लोकरीचा झुपका, मडगार्डवर सिनेनटीचे चित्र, सीटला झालरीचे कव्हर! हे सगळे कुणाच्या सायकलवर असायचे? दूधवाल्याच्या, पाववाल्याच्या, गिरणीत कामाला जाणाऱ्या चुलत्याच्या. दसऱ्याला सायकल धुऊन पुसून तिला झेंडूचा हार घालण्याचा मान घरातल्या पुरुषाचा. त्या गोंड्यांमुळे त्याला कुणी ‘बायल्या’ म्हटले नाही. ती त्याची मालकीची खूण होती. ही सायकल माझी, मी कमावली, मी नटवली.

त्या आणि आजच्या सजावटीतला फरक इथेच आहे. तेव्हा माणूस सायकल विकत घ्यायचा आणि आपल्या हाताने सजवायचा. आता ती कारखान्यातूनच सजून येते, आणि ती सजावट मुलीला सांगते की तुझी रांग ही. गुलाबी म्हणजे मुलीचा रंग हेही काही आपल्या परंपरेत लिहून ठेवलेले नाही. आपल्या बायकांचे रंग हिरव्या चुड्याचे, कुंकवाचे, हळदीचे. वसईतल्या कुपारी समाजातल्या जुन्या बायकांचे लुगडे लालभडक. पाश्चात्त्यांकडेही हा नियम जुना नाही. १९१८ साली अमेरिकेतल्या मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी हा ठसठशीत रंग मुलग्यांना आणि नाजूक निळा मुलींना शोभतो, असा सल्ला दिला होता. पुढे बाजाराने तो उलटा केला.

अ‍ॅनीने सायकल बदलली

बायकांची सायकल आणि जाहिरात यांचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. दोन सारखी चाके, मागच्या चाकाला चेन, अशी आजच्या सायकलची ही आजी. मग झग्यातल्या बायकांसाठी वरचा दांडा खाली वाकवला गेला, चेनवर झाकण आले, मागच्या चाकाला जाळी आली. हे बदल विचारपूर्वक केलेले होते. कपडा चाकात अडकून बाई पडू नये, एवढी साधी त्यामागची बुद्धी.

१८९४ साली बोस्टनहून अ‍ॅनी लंडनडेरी नावाची बाई सायकलवरून जगप्रवासाला निघाली. हे आडनाव तिचे नव्हतेच. लंडनडेरी नावाच्या पाण्याच्या कंपनीने तिला १०० डॉलर दिले, तिच्या सायकलवर आपली पाटी लावली आणि नावही आपलेच दिले. निघताना तिच्याकडे बायकांची सायकल होती. वजन ४२ पौंड, म्हणजे १९ किलो. अंगात लांब झगा. शिकागोपर्यंत पोचेतो तिचा जीव मेटाकुटीला आला. तिथे तिने २१ पौंडांची, म्हणजे निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली, झगा टाकून विजारीसारखा पोशाख केला आणि पुढे निघाली. १८९५ मध्ये ती परतली. पाटी मिरवायला तिची हरकत नव्हती. ओझे वाहायला मात्र होती.

पुदुकोट्टईच्या बायकांनी दांडा निवडला

आपल्या देशातले याहून बोलके उदाहरण तामिळनाडूतले आहे. पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ मध्ये साक्षरतेची चळवळ जोरात होती. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकण्याला त्या चळवळीत जागा दिली. शेतमजूर, खाणीतल्या कामगार, अंगणवाडीताई, परिचारिका अशा एक लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही हकिगत लिहिली, म्हणून ती जगाला कळली.

त्यांच्या लेखनात एक बारकावा आहे. मागणी इतकी वाढली की लेडीज सायकली मिळेनात. बायका थांबल्या नाहीत. त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि पुढे काही जणी त्याच पसंत करू लागल्या. कारण काय? मधल्या दांड्यावर लेकराला बसवता येते! ज्या दांड्याची अडचण म्हणून तो काढून टाकला, तोच आईच्या उपयोगाचा निघाला. दुकानदाराला किंवा कारखान्याला हे सुचले नसते. बाईला काय हवे ते बाईला विचारल्याखेरीज कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्रातही असा अनुभव आहे. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना १९७२ साली आली. ती काही बायकांची गाडी म्हणून सजवलेली नव्हती. पण हलकी, सोपी, परवडणारी. शिक्षिका, नर्स, विमा एजंट बायकांनी ती आपलीशी केली. १९८४ ची कायनेटिक होंडा गियर नसलेली आणि बटन दाबून सुरू होणारी. साडीतल्या बाईला किक मारण्याची कसरत त्या बटनाने वाचवली. पुढे २००९ च्या सुमारास टीव्हीएसच्या स्कूटी पेप प्लसची जाहिरात आली ती ९९ रंगांची. स्कूटी चांगली चालली, मुलींना आवडलीही. पण बटनाने बाईची एक अडचण दूर केली होती. नव्याण्णवाव्या रंगाने कुठली केली?

गुलाबीची बाजू

आता दुसरी बाजूही पाहायला हवी, नाहीतर अन्याय होईल. ‘लेडीबर्ड’ किंवा ‘मिस इंडिया’ अशा नावांच्या सायकलींनी एका पिढीच्या मुलींना शाळा-कॉलेजच्या सायकलस्टँडवर हक्काची जागा दिली. ‘मुलींची सायकल’ बाजारात मिळते म्हटल्यावर ती मुलीला घेऊन देणे वडिलांना सोपे गेले. घरात एकच सायकल असली की ती भावाच्या ताब्यात जाते. गुलाबी सायकल भाऊ नेत नाही, मित्र हसतील म्हणून! कुलपाने होणार नाही ते काम रंग करतो.

अर्थात याचा दुसरा अर्थ असा, की मोठ्या बहिणीची सायकल धाकट्या भावाला चालत नाही. वाढत्या अंगाचा सदरा एकाचा दुसऱ्याला घालणाऱ्या आपल्या घरांत मग दोन सायकली घ्याव्या लागतात. बाजाराला आणखी काय हवे?

रंग बायकांनी स्वतःहून कसा उचलला, हे पाहायचे तर नवरात्रात विरार लोकलच्या महिला डब्यात शिरावे. नऊ दिवसांचे नऊ रंग ही पद्धत रुजवली ती या शतकाच्या पहिल्या दशकात एका मराठी दैनिकाने, वाचक जोडण्यासाठी. पण बायकांनी तिचा सण केला. ऑफिसातली साहेबीण, वसईची भाजीवाली, नर्स, शिपाईण सगळ्या एका रंगात, आणि तेवढ्यापुरती सगळ्यांची एक जात. रंगाने माणसे जोडलीही जातात.

त्याच मार्गावर १९९२ च्या मे महिन्यात चर्चगेट-बोरिवली अशी पहिली ‘लेडीज स्पेशल’ धावली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. बायकांसाठी खास म्हणून रेल्वेने काय दिले? ऑफिसच्या वेळेला जागा दिली. उभे राहायला, श्वास घ्यायला, जमलेच तर बसायला. ‘खास महिलांसाठी’ या शब्दांचा अर्थ असा असावा.

रंगाची किंमत

रंगाला किंमत मोजावी लागते, हे परदेशात मोजून पाहिले गेले आहे. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने २०१५ मध्ये सुमारे ८०० वस्तूंचे दर तपासले. पुरुषांच्या त्याच प्रकारच्या वस्तूंपेक्षा बायकांच्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग निघाल्या. त्या अहवालातले एक उदाहरण गाजले. पायाने ढकलायची मुलांची स्कूटर लाल रंगात २४.९९ डॉलरला होती, गुलाबी रंगात ४९.९९ ला. बोभाटा झाल्यावर दुकानाने चूक झाल्याचे सांगून दर उतरवला.

मोठ्या बायकांच्या सामानातही हेच दिसते. वसई-विरारमध्ये रविवारी पहाटे हेल्मेट घालून तुंगारेश्वरच्या किंवा अर्नाळ्याच्या दिशेने निघणाऱ्या सायकलस्वारांत बायकाही दिसतात. त्यांना विकले जाणारे ‘लेडीज’ हेल्मेट म्हणजे पुष्कळदा नेहमीचेच हेल्मेट, फुलांच्या नक्षीचे. उपयोगाच्या गोष्टी वेगळ्याच असतात. मागे बांधलेल्या केसांना जागा देणारा हेल्मेटचा पट्टा. लहान हाताच्या बोटांना पोचेल असा ब्रेक. बायकांची बसकी हाडे सर्वसाधारणपणे जास्त अंतरावर असतात, म्हणून तसे रुंद आणि मधोमध खाच असलेले सीट. आणि लांबच्या रस्त्यावर सगळे कपडे न उतरवता लघवीला जाता येईल अशी सायकलची विजार. शेवटच्या गोष्टीबद्दल बोलायला आपण लाजतो. पण बाईचा प्रवास किती लांबचा होणार, हे पुष्कळदा तीच ठरवते.

अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनियर बाईंनी १९८५ मध्ये स्वतःची कंपनी काढली ती याच विचाराने. बुटक्या बाईचे हात हँडलपर्यंत नीट पोचावेत म्हणून त्यांनी सांगाडा आखूड केला आणि पुढचे चाक लहान घेतले. सायकल थोडी विचित्र दिसे, पण पाठ दुखेनाशी झाली. पुढे तैवानच्या जायंट कंपनीत बॉनी टू यांनी २००८ मध्ये बायकांसाठी ‘लिव’ नावाची वेगळी शाखाच उभी केली. उलट २०१९ मध्ये अमेरिकेच्या स्पेशलाइज्ड कंपनीने हजारो लोकांची मापे पाहून सांगितले, की बाई-पुरुष असा सांगाड्याचा भेद फारसा टिकत नाही. माणसामाणसांतलाच फरक मोठा आहे. बुटक्या पुरुषालाही लहान माप हवे, उंच बाईलाही मोठे. ही चर्चा अजून चालू आहे. दोन्ही पक्षांचे एका मुद्द्यावर एकमत आहे: आधी माप घ्या.

सायकल कुठे थांबते?

आपल्याकडे प्रश्न याहून गंभीर आहे. पाचवी-सहावीत झिरमिळ्या उडवत फिरणारी मुलगी दहावी-बारावीनंतर सायकलवर दिसेनाशी होते. तिची गुलाबी सायकल तिला लहान पडते, पोरकट वाटते. मोठी सायकल घेऊन द्यावी असे कुणाला वाटत नाही. मग रिक्षाची रांग, नाहीतर कुणीतरी सोडायला येण्याची वाट. खरे तर वसई हा सायकलचाच मुलूख. जमीन सपाट. पापडी, गिरीज, उमराळे, निर्मळ, आगाशी ही गावे आपापल्या स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटरच्या आतली. केळी-भाजीच्या टोपल्या सायकलवरून स्टेशनला पोचवणारी पिढी इथलीच. २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर गेलेल्या या शहरात बाईला घर ते स्टेशन हे अंतर आपल्या मर्जीने कापता येणे ही लहान गोष्ट नाही.

सायकलने काय होते ते बिहारने दाखवले. २००६ मध्ये तिथे नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत मुलींचे नाव नोंदवण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, मुला-मुलींतली तफावत ४० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते. उलट राजस्थानात मुलींना वाटायच्या सायकलींचा रंग २०१७ मध्ये भगवा झाला, सरकार बदलल्यावर २०१९ मध्ये पुन्हा काळा. वाद रंगाचा, तोही मोठ्या माणसांचा. त्या सायकलवर बसणाऱ्या मुलीला रंग विचारल्याचे काही ऐकिवात नाही.

घेताना काय पाहाल?

परीक्षा संपल्या की पुष्कळ घरांत सायकलची खरेदी निघेल. तेव्हा एवढे जरूर करावे. मुलीला दुकानात घेऊन जावे आणि सायकलवर बसवावे. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हायला हवा. म्हणजे चवड्याने पेडल मारताना तो किंचित वाकतो आणि दुखत नाही. उतरून उभी राहिली की दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकायला हवेत. ब्रेक तिच्या बोटांनी दाबून पाहावा, आपल्या नव्हे. दोन वर्षांनी पुरेल म्हणून मोठी सायकल घेऊ नये. वाढत्या अंगाचा फ्रॉक चालतो, वाढत्या मापाची सायकल पाडते. चेनकव्हर पूर्ण असावे. मोटरसायकलला मागच्या चाकावर साडीगार्ड कायद्याने लागते, सायकलला ते आपणच मागून घ्यायचे. ओढणीच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे. मागे लाल चकाकणारी पट्टी, पुढे दिवा आणि डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट. झिरमिळ्यांसाठी पैसे उरले तर त्या शेवटी घ्याव्यात.

आणि रंग? तो मुलीला विचारावा. गुलाबी म्हणाली तर गुलाबी, काळा म्हणाली तर काळा. दुकानदार ‘ती मुलांची आहे हो’ म्हणाला तर हसून ‘हिला तीच बसते’ म्हणावे. बारावीनंतर ती सायकल लहान झाली की पुढच्या मापाची घेऊन द्यावी, जुनी धाकट्या भावाला द्यावी आणि त्याला हवा असेल तर वीस मिनिटांत रंग मारून घ्यावा. रंगाचा डबा स्वस्त असतो. दसऱ्याला नव्या सायकलला झेंडूचा हार मात्र तिनेच घालावा, कारण आता मालकीण ती आहे.